उजव्या सीटवरून

अहो, तुम्हाला हॉस्पिटलमध्ये नेलं त्या सकाळपासून तुमची गाडी तिथल्या पार्किंगमध्येच उभी होती. तुम्हाला आम्ही त्याच दिवशी दुपारी घरी आणलं. तिला आणायला मात्र कोणालाच जमेना. तुमचे अंत्यसंस्कार झाले, विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजी येऊन गेले, लांबची माणसं आपापल्या गावी परतली, आणि रोज सकाळी पार्किंगवाल्याचा फोन येतच राहिला. "म्याडम, ती लाल गाडी हाय न्हवं, टप नसलेली, ती कवा नेताय?" माणूस आठवणी मागे ठेवून जातो म्हणतात. तुम्ही अडचण ठेवून गेलात. दुसऱ्याच्या गाडीपुढे आपली गाडी लावायची खोड तुम्हाला जिवंतपणीही होतीच.

भेटायला आलेल्यांनी मला काय ऐकवलं, ते आधी सांगते. तुमचे जुन्या गाड्यांचे दोस्त आले होते. सगळे पांढऱ्या शर्टात, सगळ्यांच्या नखांत काळं. एक जण म्हणाला, "वहिनी, भाग्यवान माणूस. आवडत्या गाडीतून, स्वतः चालवत गेला." दुसऱ्याने मान डोलावली. तिसऱ्याने तेच तुमच्या फोटोखाली लिहून सगळ्या पुण्याला पाठवलं. मी चहाचे कप उचलत होते. त्या भाग्याच्या शेजारच्या सीटवर मी बसले होते, हे त्यांच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही.

तुम्ही निवृत्त झालात आणि तिला घरी आणलंत. कोणी एक परदेशी इंजिनिअर कधीकाळी ती इथे सोडून गेला होता, आणि मधली कितीतरी वर्षं ती कोणाच्या तरी गोठ्यात होती. इटलीची, दोन माणसांची, वरून उघडी. सीटमध्ये उंदरांचा संसार. तुम्ही मला ती अशी दाखवलीत, जसं निखिल जन्मला तेव्हा नर्सने त्याला मला दाखवलं होतं. मी म्हटलं, "छान आहे. चालते का?" तुम्ही म्हणालात, "चालते म्हणजे काय! चालवतच दुरुस्त करायची."

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं, आणि ते अजून संपलेलं नाही. निखिल म्हणायचा, "बाबा, चार-सहा महिने गॅरेजमध्ये टाका, पूर्ण उघडून एकदाची होऊन जाऊ दे." मीही तेच म्हणायचे. पण तुमचा सगळा जन्म रस्ते आणि पूल दुरुस्त करण्यात गेलेला. तुमच्या टेंडरमध्ये एक ठरलेली ओळ असायची, वाहतूक चालू ठेवून काम करणे. अर्धा पूल उघडा, अर्धा बंद. तुम्ही ती ओळ ऑफिसमधून घरी आणलीत. स्वयंपाकघराच्या फरश्या बदलल्यात त्या मी अर्ध्या ओट्यावर भाकरी थापत असताना. "बंद ठेवलेली गोष्ट परत चालू होत नाही, सुनंदा," असं तुम्ही म्हणायचात, आणि हे सांगताना तुमचा चेहरा असा व्हायचा की जणू बुद्धाच्या सुत्तातलंच वचन सांगताय. छातीत भरून येतं म्हणून डॉक्टरांनी तपासणीला बोलावलं, तेव्हाही तुम्ही हेच केलंत. गोळ्या चालू, जिने चालू, गाडी चालू. तपासणी पुढच्या महिन्यात.

आणि गाडी खरंच बंद पडली नाही, हे मान्य करायला हवं. एका आठवड्यात कार्बोरेटर, पुढच्या आठवड्यात एक दार. दार काढलेलं असलं तरी आपण मंडईत गेलोच. भाजीच्या पिशव्या माझ्या मांडीवर, कारण मागच्या डिकीत नाना पेठेतून आणलेलं लोखंड. टप तर शेवटपर्यंत पुरा झाला नाही. रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडून तुम्ही कापड शिवून आणलंत, सांगाडा मात्र बसेना. पाऊस आला की मी छत्री उघडायची, तीही तुमच्या डोक्यावर. लकडी पुलावर एक कॉलेजची मुलगी आपला फोटो काढत होती, आठवतं? तुम्ही तिला हात केलात. माझी पाठ भिजत होती.

सोसायटीत सेक्रेटरी काळ्यांनी पाटी लावली. "पार्किंगमध्ये वाहन दुरुस्त करू नये. करायचेच असल्यास एकदाचे करावे." तुम्ही ती वाचून मनापासून हसलात, आणि काळ्यांशी बोलणं बंद केलंत.

पण मला खरं बोलायचंय ते सीटबद्दल.

तिकडचे लोक रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, म्हणून तिचं स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे तुम्ही डावीकडे, फुटपाथच्या बाजूला, आणि आपल्याकडे जिथे ड्रायव्हर बसतो तिथे मी, हातात पर्स घेऊन. दांडेकर पुलाच्या चौकात पोलिसाने शिट्टी मारली आणि माझ्याकडेच आला. "ओ मॅडम, लायसन्स." मी म्हटलं, "ते त्यांच्याकडे मागा. माझ्याकडे नुसती काळजी आहे." मंडईतली भाजीवाली तर शेवटपर्यंत मलाच विचारायची, "बाई, येवढी गाडी तुमी चालीवता व्हय?" तुम्ही तिकडून म्हणायचात, "तीच चालवते घरातलं सगळं." लोक हसायचे. मी पण हसायचे. काय करणार?

दर जयंतीला तुम्ही ती घासूनपुसून, निळी फीत लावून जुन्या वस्तीत नेत असायचात. तुमच्या आईने त्या वस्तीतून डोक्यावर पाटी घेऊन कामाला जाताना मान खाली घातलेली तुम्ही पाहिली होती. "टप नसलेलाच बरा," असं एकदा तुम्ही मला म्हणालात. "आपलं माणूस बसलेलं सगळ्यांना दिसलं पाहिजे." मला भरून आलं होतं, खरंच. तुम्हाला त्या वेळी मी काही बोलले नाही, आता बोलते. त्या दिवशी तुमच्याइतकं उजळ कोणी मला दिसलं नाही. आणि बाजूला बसून मला हेही वाटत होतं की बघणाऱ्यांना चालवताना दिसतेय ती मी, आणि चालवायला देत नाहीत ते तुम्ही.

डावीकडे बसून पुढची गाडी ओलांडता येत नाही. समोरून काय येतंय ते दिसतच नाही. बस किंवा टेम्पो आडवा आला की तुम्ही विचारायचात, "घेऊ?" मग मी मान बाहेर काढून बघायची. "थांबा, ट्रक आहे." "थांबा, स्कूटर." "घ्या." आणि तुम्ही घ्यायचात, एकदाही उलटून न विचारता. पस्तीस वर्षांच्या संसारात माझा शब्द तुम्ही इतका बिनशर्त फक्त त्या गाडीत मानलात. सिंहगड रस्त्यावर मी तुमचा उजवा डोळा होते. निखिल याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचा. त्याला काय माहीत, शेळी कोण आणि उंट कोण.

आणि दुसरा गिअर. तो टिकायचाच नाही, टाकला की उडून बाहेर. मग तुम्ही म्हणायचात, "धर." मी डाव्या हाताने लिव्हर दाबून धरायची, तुम्ही दोन्ही हातांनी ते जड स्टिअरिंग फिरवायचात. कधी तुमचा हात माझ्या हातावर यायचा. पानशेतच्या रस्त्याला, धरणाच्या कडेने, ढग अगदी डोक्यावर आलेले असताना आपण असेच चाललो होतो. माझा अंबाडा सुटला होता आणि तुम्ही कसल्याशा जुन्या गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होतात, बेसूर. साठीच्या घरातल्या बाईला एवढं आभाळ कोण दाखवतं? ते तुम्ही दाखवलंत. हे मी नाकारणार नाही, कितीही चिडले तरी.

त्याच दिवशी परतताना मी म्हटलं, "मला शिकवा ना ही." मला गाडी येत नव्हती असं नाही. आपल्या छोट्या गाडीतून मी कितीतरी वर्षं शाळेत गेले, भूगोलाचे नकाशे मागच्या सीटवर टाकून. निखिल वाघोलीला राहायला गेला तेव्हा ती आपण त्याला दिली. तुम्ही म्हणालात, एक चालती गाडी आहे ना घरात. मग ती चालती मला यायला नको? तुम्ही म्हणालात, "शिकवतो. दुसरा गिअर होऊ दे आधी. नाहीतर हात मोडशील."

मी दर महिन्या-दोन महिन्यांनी विचारत होते. तुम्ही म्हणायचात, गिअर. सुटा भाग इटलीहून यायचाय. तो आला तर बसवणारा हवा. मोबाईलवर एक इटालियन म्हातारा त्याच्या भाषेत काहीतरी सांगत असायचा आणि तुम्ही एक शब्द कळत नसताना "बरोबर आहे" म्हणत असायचात. लोकांना मात्र कौतुकाने सांगायचात, "ही फक्त माझ्याच हाताने चालते. दुसरं कोणी बसलं की रुसते." दोस्त माना डोलवायचे. मला तेव्हाच कळायला हवं होतं की तुम्हाला त्याचा अभिमान आहे.

त्या सकाळी चहा अर्धा टाकून तुम्ही खुर्चीतून उठलात आणि भिंतीला धरलंत. कपाळावर घाम. मी रिक्षा म्हटलं, ॲम्ब्युलन्स म्हटलं. तुम्ही म्हणालात, धायरीत या वेळेला कोण येतंय. शेवटी मी सगळं बोलणं-न-बोलणं बाजूला ठेवून काळ्यांची बेल वाजवली. ते बनियनवर धावत आले, किल्ली हातात. "चला, मी काढतो गाडी." आणि खाली आलो तर त्यांच्या गाडीपुढे तुमची लावलेली. आधी तुमची हलवायला हवी, आणि ती फक्त तुमच्याच हाताने हलते.

तुम्ही बसलात. अर्धा चोक, ॲक्सिलरेटरवर दोनदा पाय, श्वासभर थांबणं, मग किल्ली. झाली चालू. काळे त्यांच्या गाडीचं दार उघडून उभे होते. आणि तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "चालू झालीच आहे. बस."

मी का बसले? वाद घालायला वेळ नव्हता, म्हणून. आणि इतकी वर्षं तुम्ही "बस" म्हटलं की मी उजवीकडे जाऊन बसत होते.

तो रस्ता मी रोज चालते आता, पलंगावर पडल्या पडल्या. पुलाच्या कामाचे पत्रे, मधे एकच गल्ली मोकळी. तुम्ही म्हणालात, "बघ, वाहतूक चालू ठेवून." विनोद करत होतात, आणि ओठ निळे. पुढे बस होती. "घेऊ?" "थांबा." थांबलात. "घ्या." घेतलीत. वळणावर म्हणालात, "धर." मी दुसरा गिअर दाबून धरला. तुमचा हात माझ्या हातावर आला, ओला आणि गार. मी म्हटलं, "अहो, बाजूला घ्या, मी चालवते." तुम्ही म्हणालात, "तुला नाही जमायचं." ओरडला नाहीत. नेहमीसारखंच, समजावून सांगितल्यासारखं.

हेच तुमचं शेवटचं वाक्य. लोकांच्या नवऱ्यांची शेवटची वाक्यं लोक किती जपून सांगतात.

हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये आणलीत. पार्किंगवाला धावत आला. "हितं न्हाई लावायची, फुडं घ्या." मी त्याच्यावर किंचाळले. तुम्ही मात्र सरकारी माणूस. नियम म्हणजे नियम. पुढे घेतलीत, दोन पट्ट्यांच्या मधोमध लावलीत, चाकं सरळ केलीत, हँडब्रेक ओढलात. मला सांगा, मरताना कोणी गाडी सरळ लावतं? तिथून दारापर्यंत चालत गेलात आणि काउंटरपाशी खाली बसलात. मग उठला नाहीत.

डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, "यांना कोणी आणलं?" मी म्हटलं, "यांनीच." "या अवस्थेत स्वतः चालवत? एवढे श्रम?" तो माझ्या हातांकडे बघत होता. "तुम्हाला येत नाही का चालवायला?" मी म्हटलं, "येते. ही नाही येत."

तेव्हापासून मला एकच प्रश्न पडलाय, आणि तो तुमच्याशिवाय कोणाला विचारता येत नाही. मला ती चालवता आली असती का? तुमचं डोकं मागे टेकवून, तुम्हाला उजवीकडे बसवून, मी तुम्हाला नेलं असतं का? नसती आली, तर तुम्ही खरे. मग मी रडून गप्प बसेन. पण आली असती तर?

काल निखिलने क्रेन बोलावली होती. "आई, ओढून आणू, मग विकून टाकू. बाबांच्याच एका मित्राला हवी आहे." क्रेन यायला उशीर होता. पार्किंगवाला आमच्याशेजारी येऊन उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "म्याडम, त्या दिशी मीच म्हनलो, फुडं घ्या. मला काय म्हाईत, सायेब असं..." त्याने सीटवर प्लास्टिकचा कागद बांधला होता, स्वतःचा, पावसासाठी. मी त्याला म्हटलं, "तुमची चूक नाही. ते कोणाचंच ऐकत नव्हते, नेमकं तुमचं ऐकलं." त्याने कागदाची गाठ सोडायला घेतली.

निखिलने किल्ली फिरवून बघितली. घरघर, मग काही नाही. परत फिरवली. "बॅटरी संपेल," मी म्हटलं. "ऊठ."

मी डावीकडे बसले, अहो. पहिल्यांदाच. सीट तुमच्या मापाने मागे होती, ती पुढे ओढली. अर्धा चोक. दोनदा पाय. श्वासभर थांबले. किल्ली. धूर सोडून ती चालू झाली. रुसली नाही, फुगली नाही. क्लच जड होता, आपल्या जुन्या पिठाच्या चक्कीच्या खटक्याइतका, त्याहून जास्त नाही. निखिलने विचारलं, "तुला बाबांनी शिकवलं?" मी म्हटलं, "बस उजवीकडे."

फाटकातून बाहेर पडले. पहिला गिअर. रस्त्याला लागले. दोनच चौकांत स्टिअरिंग हाताला आलं. पुढे एक टेम्पो होता आणि मला काही दिसत नव्हतं, म्हणून मी विचारलं, "घेऊ?" निखिलने मान बाहेर काढली. "थांब आई... थांब... घे." घेतला. इतकं सोपं होतं. मी चालवत होते आणि मला रडू फुटत होतं, ते तुम्ही नव्हता म्हणून नाही. ते इतकं सोपं होतं म्हणून.

पुलाच्या कामापाशी वेग कमी झाला. तेच पत्रे, तेच वळण. मी दुसरा गिअर टाकला आणि हात तसाच दाबून धरला, सवयीने. पण वळणाला स्टिअरिंग दोन्ही हातांनी फिरवावं लागतं. निखिलला सगळं माहीत होतं, तो म्हणाला, "आई, धरू का मी?" मी हो म्हणायच्या आधीच माझा हात सुटला होता.

गिअर उडाला नाही.

वळण संपलं, खड्डा आला, चढ आला. जागचा हलला नाही. घट्ट, नवा बसवलेला असतो तसा. पुढच्या चौकात मी मुद्दाम काढून परत टाकला. तिथेच राहिला.

कधी केलात तो? कोणत्या गुरुवारी, मी विहारात गेलेली असताना? आणि झाला होता, तर इतके दिवस "धर" का म्हणत होतात? त्या सकाळीसुद्धा? माझा हात तिथे हवा होता म्हणून, असं मी स्वतःला सांगून बघितलं. सिग्नल सुटेपर्यंत ते पुरलं. पुढे नाही पुरलं. कारण तुम्हीच शब्द दिला होतात, गिअर झाला की शिकवतो. गिअर झालेला होता, आणि माझ्या शेजारी बसून तुम्ही मला म्हणालात की तुला नाही जमायचं.

गाडी मी विकणार नाही, असं निखिलला सांगितलंय. प्रेमापोटी, असं त्याला वाटतंय. खाली आणून काळ्यांच्या गाडीपुढे न लावता बाजूला लावली, चाकं सरळ करून. काळे गॅलरीतून बघत होते. त्यांनी हात जोडले आणि आत गेले.

निखिल उतरताना म्हणाला, "दुसरा गिअर उडतो म्हणायचे ना बाबा? मी धरणार होतो."

मी म्हटलं, "नको. आता कोणी धरायची गरज नाही."